घर आणि आरोग्य : उन्हाचा चष्मा

चैत्रगौरीचें हळदीकुंकू आटोपलें, आंब्याच्या डाळीच्या वाट्या धुऊन फडताळांत गेल्या आणि वैशाखाचें ऊन अंगणांत उतरलें, कीं आमच्या टपालांत उन्हाळ्याच्या तक्रारींचीं पत्रें वाढूं लागतात. घामोळें, उन्हाळी लागणें, घोळणा फुटणें हे त्यांतले नेहमींचे विषय. परंतु यंदा एका भगिनीचें पत्र निराळेंच आलें, आणि तें वाचून आम्हांस वाटलें कीं हा महिना त्या एकाच प्रश्नास द्यावा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचें लग्न होऊन दोन वर्षें झालीं आहेत. घर एकत्र, सासूसासरे, मोठे दीर-जाऊ, त्यांचीं दोन मुलें आणि सर्वांच्या वर आजेसासूबाई. या बाई शिक्षिका असून रोज सकाळीं स्कूटरवरून सात-आठ किलोमीटर लांबच्या शाळेंत जातात. जातांना पूर्वेचें ऊन समोर, येतांना पश्चिमेचें समोर. त्या लिहितात :

"डोळे चुरचुरत, लाल होत, म्हणून मीं गॉगल घेतला. पहिल्या दिवशीं तो लावून दारांतून निघालें, तेव्हां ओसरीवर बसलेल्या आजेसासूबाई म्हणाल्या, ‘सूनबाई, शाळेंत निघालीस कीं सिनेमांत?’ सगळे हसले, मीही हसलें. पण दुसऱ्या दिवसापासून मी तो पिशवींत ठेवतें आणि कोपरा वळल्यावर लावतें. मामंजी म्हणतात, ‘आम्ही सत्तर वर्षें उन्हांत हिंडलों, आमच्या डोळ्यांना काय झालें?’ मला वाद घालावयाचा नाहीं. परंतु लपवून करावें असें हें कांहीं वाईट कृत्य आहे काय, एवढें मला सांगा. आणि नसेल, तर चांगला गॉगल ओळखावा कसा तेंही सांगा. कारण हा मीं नुसता तोंडाला शोभतो म्हणून घेतला आहे."

शेवटच्या वाक्यांतील प्रांजळपणा आम्हांस फार आवडला. पत्रांत प्रश्न दोन आहेत : गॉगल हा नखरा कीं गरज, आणि गरज असेल तर निवड कशी करावी. आरंभ मामंजींच्या शंकेपासून करणें योग्य, कारण ती बहुतेक घरांतून ऐकूं येते.

आमच्या आत्याबाईंना कोणीं हा प्रश्न विचारला असता, तर साठाव्या वर्षापर्यंत त्यांनींही मामंजींसारखेंच उत्तर दिलें असतें. त्यांचा जन्म कोंकणांत गेला. दर उन्हाळ्यांत सारवलेल्या खळ्यावर पापड, सांडगे, आमसुलें, फणसाचीं साटें वाळत पडत आणि आत्याबाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कपाळावर आडवा हात धरून त्यांची राखण करीत. साठीच्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्यांत, नाकाकडच्या कोपऱ्यांत, तांबूस त्रिकोणी पडदीसारखें कांहीं दिसूं लागलें. ‘डोळ्यांत मांस वाढलें’ असें म्हणून कोणीं गुलाबपाणी घातलें, कोणीं तुपाचें बोट फिरविलें. तें मांस वर्षानुवर्षें हळूहळू बुबुळावर चढलें, आणि एके चातुर्मासांत पोथीच्या ओळी वांकड्या दिसूं लागल्या तेव्हां कोठें आत्याबाई नेत्रवैद्याकडे गेल्या. वैद्यांनीं पहिला प्रश्न केला : "आजी, उन्हांत किती वर्षें काम केलेंत?"

या विकारास डॉक्टर टेरिजियम म्हणतात. ऊन, धूळ आणि वारा यांत ज्यांचा जन्म जातो, त्यांस तो अधिक होतो. शस्त्रक्रियेनें मांस काढतां येतें, परंतु नुसतें कापून काढल्यास तें पुष्कळदां परत वाढतें. आत्याबाईंचें तसेंच झालें. दुसऱ्या वेळीं त्याच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाचा तुकडा घेऊन त्या जागीं लावला, तेव्हां तें थांबलें. नजर पुष्कळशी परत आली. पण मधलीं चार वर्षें पोथी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, याचें दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलें. त्या म्हणत, "पापडाला किती ऊन लागलें हें आम्ही घटकाघटकेला बघत होतों, डोळ्याला किती लागतें तें मेलें कोणीं सांगितलेंच नाहीं."

तेव्हां मामंजींच्या डोळ्यांस कांहीं झालें नसेल, तर ती ईश्वराची कृपा. परंतु एका वाटसरूस सर्प चावला नाहीं, एवढ्यावरून वाट निर्धोक ठरत नाहीं.

आतां हें ऊन डोळ्याचें करतें तरी काय? सूर्याच्या प्रकाशांत आपल्याला दिसणाऱ्या सात रंगांपलीकडे, जांभळ्याच्याही पुढें, न दिसणारे किरण असतात. त्यांस अतिनील किरण म्हणतात. त्यांची तरंगलांबी ४०० नॅनोमीटरहून कमी. एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. त्यांचे तीन वर्ग आहेत. सर्वांत तीव्र असा तिसरा वर्ग वातावरणांतील ओझोनच अडवून धरतो. मधल्या वर्गाचा थोडा भाग आणि पहिल्या वर्गाचा बहुतेक सर्व भाग जमिनीपर्यंत पोंचतो. मधल्या वर्गाचे किरण मुख्यतः बुबुळाच्या पुढील पारदर्शक पडद्यांत मुरतात. पहिल्या वर्गाचे आंत शिरून डोळ्यांतील नैसर्गिक भिंगांत मुरतात. वर्षानुवर्षांच्या या माऱ्यानें भिंग गढूळ होण्यास, म्हणजे मोतीबिंदूस, हातभार लागतो. मोतीबिंदूचें हेंच एक कारण आहे असें मात्र कोणीं समजूं नये. वय, मधुमेह आणि धूम्रपान हींही त्याचीं मोठीं कारणें आहेत. परंतु वय आपल्या हातीं नाहीं. ऊन कांहीं अंशीं आहे.

कधीं कधीं हे किरण वर्षांची वाट न पाहतां एका दिवसांतच इजा करतात. बर्फावर उघड्या डोळ्यांनीं दिवसभर हिंडणाऱ्या प्रवाशाच्या डोळ्यांत सायंकाळीं वाळू शिरल्यासारखें खुपूं लागतें, पाणी वाहतें आणि उजेड सहन होत नाहीं. डोळ्याचा पुढचा पडदाच उन्हानें भाजलेला असतो. ताजें बर्फ सुमारें ८० टक्के अतिनील किरण परत फेंकतें, समुद्राचा फेंस सुमारें २५ टक्के, तर कोरडी वाळू सुमारें १५ टक्के. उंचीवर दर हजार मीटरांस हे किरण सुमारें १० टक्क्यांनीं वाढतात. म्हणून केदारनाथास किंवा हिमालयाच्या पदभ्रमणास निघालेल्यांनीं लोकरीच्या कानटोपीइतकीच काळ्या चष्म्याची आठवण ठेवावी. आभाळ आलें म्हणजे भय टळलें असेंही नाहीं. पातळ ढगांतून बहुतेक अतिनील किरण खालीं येतात.

आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यास सूर्य अगदीं माथ्यावर येतो; पुण्यामुंबईस त्या सुमारास मध्यान्हीं उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. त्वचेला ती वेळ सर्वांत कठीण. परंतु डोळ्याची गोष्ट जराशी निराळी आहे. डोक्यावरच्या सूर्यापासून कपाळ आणि भुंवयांचें हाड डोळ्याला छत्र धरतात. सूर्य कलता असला म्हणजे किरण सरळ डोळ्यांत शिरतात. जपानांतील कानाझावा येथील संशोधकांनीं माणसाच्या डोळ्यावर पडणारे किरण मोजून पाहिले, तेव्हां उन्हाळ्यांत डोळ्याला अधिक मारा मध्यान्हीं न होतां सकाळीं आठ-दहाच्या आणि दुपारीं दोन-चारच्या सुमारास होतो असें त्यांस आढळलें. आमच्या पत्रलेखिकेच्या शाळेच्या जाण्यायेण्याच्या वेळा नेमक्या याच!

उन्हापासून डोळे राखण्याची युक्ति कांहीं आजची नाहीं. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक लांकडाच्या किंवा हाडाच्या पट्टीस बारीक आडवी चीर पाडून ती डोळ्यांवर बांधीत. इंग्लंडांत १९१३ सालीं सर विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञानें, भट्टीसमोर काम करणाऱ्या कांचकामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय शोधतांना, कांचेंत सीरियमसारख्या धातूंचीं संयुगें मिसळून अतिनील किरण अडविणारी कांच तयार केली. जुन्या चष्मेवाल्यांच्या तोंडीं असलेली ‘क्रुक्सची कांच’ ती हीच. म्हणजे या वस्तूचा एक पूर्वज तरी सिनेमांत जन्मलेला नसून भट्टीजवळच्या श्रमिकांच्या कळवळ्यांतून आला आहे, हें आजेसासूबाईंना अवश्य सांगावें.

आतां दुसरा प्रश्न, निवडीचा. येथें सर्वांत मोठी चूक आम्हीं स्वतःच केली असल्यामुळें ती प्रथम सांगतों. एका जत्रेंत आम्हीं शाईसारख्या काळ्या कांचांचा गॉगल घेतला. त्यावर सोनेरी चिकटपट्टी होती, तीवर ‘यूव्ही ४००’ असें छापलेलें. कांच जितकी काळी तितका डोळा सुरक्षित, अशी आमची समजूत. पुढें ओळखीच्या एका चष्मेवाल्यानें सहज म्हणून तो आपल्या मापकाखालीं धरला, तर अतिनील किरण बऱ्याच प्रमाणांत पार होत होते! गंमत अशी कीं आमचा नेहमींचा पांढऱ्या कांचांचा नंबराचा चष्मा धरला, तर त्यानें जवळजवळ सर्व किरण अडविले.

यांतलें मर्म नीट ध्यानांत घ्यावें. कांचेचा काळेपणा डोळ्याला दिसणारा उजेड कमी करतो. अतिनील किरण अडविण्याचें काम निराळेंच असून तें कांचेच्या द्रव्यावर किंवा तीवरील लेपावर अवलंबून असतें. शिवाय अंधारांत डोळ्याची बाहुली मोठी होते. काळ्या कांचेमागें बाहुली उघडली, डोळे मिचकावणें थांबलें, आणि कांचेनें अतिनील किरण मात्र अडविले नाहींत, तर दार उघडें टाकून पहारेकऱ्यास झोंपविल्यासारखें होतें. असा गॉगल नसलेला पुरवला.

म्हणून पहिली कसोटी अशी : गॉगल ४०० नॅनोमीटरपर्यंतचे सर्व अतिनील किरण अडवितो काय? ‘यूव्ही ४००’ याचा अर्थ हाच. परंतु नुसत्या चिकटपट्टीवर भरंवसा न ठेवतां तो पावती देणाऱ्या चष्म्याच्या दुकानांतून घ्यावा आणि आपल्यासमोर मापकावर धरून दाखविण्यास सांगावें. हें काम अर्ध्या मिनिटाचें आहे. तें करण्यास जो दुकानदार कुरकुर करील त्याच्याकडे घेऊं नये. घरीं ढोबळ परीक्षा करावयाची असल्यास नोटा तपासण्याचा अतिनील दिवा उपयोगी पडतो. आपल्या नोटांवरील क्रमांक त्या दिव्याखालीं चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्यें गॉगलची कांच धरावी. चमक मावळली तर बरें लक्षण, तशीच राहिली तर शंका घ्यावी. स्वस्त दिव्यांत जांभळा उजेडही मिसळलेला असल्यामुळें ही परीक्षा फसूं शकते. अखेरचा निवाडा दुकानांतील मापकाचाच.

दुसरी कसोटी काळेपणाची. कांचेंतून किती उजेड पार होतो यावरून ० ते ४ असे पांच वर्ग आंतरराष्ट्रीय मानकांत ठरविलेले आहेत, आणि चांगल्या गॉगलच्या काडीवर किंवा सोबतच्या कागदावर तो अंक छापलेला असतो. शून्य वर्गांतून ८० टक्क्यांहून अधिक उजेड जातो, पहिल्यांतून ४३ ते ८०, दुसऱ्यांतून १८ ते ४३, तिसऱ्यांतून ८ ते १८ आणि चौथ्यांतून ३ ते ८ टक्के. आपल्याकडील उन्हास दुसरा किंवा तिसरा वर्ग योग्य. चौथा वर्ग बर्फाळ शिखरांवर जाणाऱ्यांसाठीं. तो लावून वाहन चालवूं नये, कारण रस्त्यावरच्या सावलींतलें मूल किंवा गाय वेळेवर दिसणार नाहीं.

तिसरी कसोटी रंगाची. करड्या कांचांतून सर्व रंग सारख्याच प्रमाणांत मंद होतात, म्हणून वस्तूंचे रंग जसेच्या तसे दिसतात. तपकिरी कांचेनें रस्त्यावरचे खांचखळगे जरा उठून दिसतात. हिरवट कांच या दोहोंच्या मधली. निळ्या, गुलाबी, पिवळ्या कांचा मौजेसाठीं असतील, परंतु त्या डोळ्यावर ठेवून चौकांतला तांबडा आणि हिरवा दिवा स्पष्ट निराळा ओळखूं येतो ना, हें दुकानाच्या दारांत उभें राहून पाहिल्याखेरीज घेऊं नयेत.

चौथी गोष्ट पोलराइज्ड कांचेची. ओल्या रस्त्यावरून, तळ्याच्या पाण्यावरून किंवा मोटारीच्या टपावरून उसळणारा प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेनें कंप पावत येतो. या कांचेंतील अदृश्य उभी जाळी तो आडवा प्रकाश गाळून टाकते, आणि डोळ्यांपुढची चकाकी एकदम निवते. एडविन लँड या अमेरिकन संशोधकानें हा पडदा तयार केला आणि १९३७ सालीं पोलरॉइड कंपनी स्थापिली. वाहन चालविणाऱ्यांस आणि समुद्रकांठीं राहणाऱ्यांस ही कांच फार सुखाची. परंतु दोन सूचना : चकाकी अडविणें म्हणजे अतिनील किरण अडविणें नव्हे, तेव्हां पहिली कसोटी येथेंही सुटत नाहीं, आणि मोबाइलचा किंवा स्कूटरवरील वेगाचा पडदा या कांचेंतून कधीं कधीं काळा दिसतो, तो घेण्यापूर्वीं पाहून घ्यावा. कांच खरोखर पोलराइज्ड आहे कीं नाहीं हें ओळखण्याची खूणही तीच : मोबाइलच्या पडद्यासमोर गॉगल हळूहळू फिरवीत उभा धरावा, बहुधा एका स्थितींत पडदा काळवंडतो.

उन्हांत आपोआप काळ्या होणाऱ्या आणि घरांत पांढऱ्या होणाऱ्या कांचा १९६० नंतरच्या दशकांत प्रथम अमेरिकेंत निघाल्या. नंबराचा चष्मा वापरणाऱ्यांस त्या सोयीच्या खऱ्या. तथापि त्या अतिनील किरणांनींच काळ्या होतात, आणि मोटारीची पुढची कांच ते किरण बरेचसे अडविते. म्हणून मोटारींत बसल्यावर त्यांतील पुष्कळ कांचा फिक्याच राहतात. शिवाय कडक उष्म्यांत त्या थंड हवेंतल्याइतक्या काळ्या होत नाहींत. घेणाऱ्यानें एवढें जाणून घ्यावें, म्हणजे पुढें हळहळ नको.

पांचवी कसोटी कांचेच्या सरळपणाची, आणि ही कोणालाही करतां येते. गॉगल हाताच्या अंतरावर धरून त्यांतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहावी आणि गॉगल सावकाश डावीउजवीकडे, मग वरखालीं हलवावा. कड लाटेसारखी हेलकावली तर कांच सदोष समजावी. असा गॉगल लावून डोकें दुखतें आणि दोष उन्हाला जातो. स्कूटर चालविणाऱ्यांनीं आणि मुलांनीं खऱ्या कांचेपेक्षां पॉलिकार्बोनेटची भिंगें घ्यावीं; तीं हलकीं असतात, सहसा फुटत नाहींत आणि त्या द्रव्याचा गुणच अतिनील किरण बहुतांशीं अडविण्याचा आहे. त्यांवर ओरखडे मात्र लवकर उठतात.

सहावी कसोटी आकाराची, आणि येथें रक्षण आणि शोभा यांची गांठ पडते. किरण समोरूनच येतात असें नाहीं. ते बाजूनें, वरून आणि चष्म्याच्या मागूनही शिरतात. बाजूनें आलेला प्रकाश डोळ्याच्या पुढच्या गोलाईमुळें वळून नाकाकडच्या कोपऱ्यावर एकवटतो. मांस बहुधा त्याच बाजूस कां वाढतें, याचा उलगडा ऑस्ट्रेलियांतील नेत्रतज्ज्ञ कोरोनिओ यांनीं असाच केला आहे. म्हणून दोन रुपयांएवढ्या चिमुकल्या कांचांची टूम निघाली तरी तिच्या मागें लागूं नये. कांच वर भुंवईपर्यंत आणि खालीं गालाच्या हाडापर्यंत पोंचावी, आणि काड्या कानशिलाकडे जरा रुंद असाव्या. गॉगल हंसतांना गालावर टेकूं नये, खालीं वांकल्यावर नाकावरून घसरूं नये आणि कानामागें रुतूं नये. काडीच्या आंतल्या बाजूस ५२–१८–१४० असे आंकडे असतात : पहिला एका कांचेची रुंदी, दुसरा नाकावरचें अंतर, तिसरा काडीची लांबी, सर्व मिलिमीटरांत. आपल्या अंगवळणीं पडलेल्या चष्म्यावरचे आंकडे टिपून नेले तर दुकानांत वेळ वांचतो.

आणि शोभा? आरोग्याच्या लेखांत शोभेचें नांव काढणें कांहींस आवडणार नाहीं. परंतु जी वस्तु आरशांत बरी दिसत नाहीं ती पेटींतच राहते, आणि पेटींतला गॉगल डोळा राखीत नाहीं. तेव्हां निवडतांना आरसा जरूर पाहावा. गोल चेहऱ्यास जरा कोनदार चौकट खुलते. चौकोनी, रुंद जबड्याच्या चेहऱ्यास गोलसर. लांबट चेहऱ्यास उंचीला मोठी. चौकटीची एकूण रुंदी चेहऱ्याच्या रुंदीएवढी असावी आणि वरची कड भुंवईच्या वळणाशीं जुळती असावी. गव्हाळ आणि सांवळ्या वर्णास काळ्याइतकीच तपकिरी किंवा कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार चौकट शोभते. बाकी शोभा ही पुष्कळशी संवयीची गोष्ट आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेंत गिरगांवांत नऊवारी, नथ, फेटा आणि गॉगल अशा थाटांत स्वतः दुचाकी चालवीत जाणाऱ्या स्त्रिया आतां सर्वांनीं पाहिल्या आहेत, आणि त्यांत कोणास विसंगति वाटत नाहीं.

घरांतील दोन वयांकडे मात्र विशेष लक्ष द्यावें. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग अधिक नितळ असल्यामुळें प्रौढांपेक्षां त्यांच्या डोळ्यांत अतिनील किरण अधिक खोल जातात, आणि मुलें उन्हांत खेळतातही अधिक. त्यांना जत्रेंतला खेळण्यांतला गॉगल देण्याऐवजीं रुंद कांठाची टोपी द्यावी. आणि गॉगल द्यावयाचाच तर वरच्या कसोट्यांना उतरलेला द्यावा. वृद्धांपैकीं जे नंबराचा चष्मा वापरतात त्यांना नंबराच्याच रंगीत कांचा करून घेतां येतात, किंवा चष्म्यावर बसणारा मोठा गॉगल मिळतो.

कांहीं निषेधही सांगतों. कोणताही गॉगल लावून सूर्याकडे टक लावून पाहूं नये. ग्रहण पाहण्यासाठीं अगदीं काळा गॉगलही निरुपयोगी; त्यासाठीं ठरलेल्या मानकाचीं निराळीं ग्रहणगाळण्या असलेलीं साधनें लागतात. रात्रीं गॉगल लावून वाहन चालवूं नये. घरांत, सावलींत तो सतत लावल्यास डोळे उजेडास अधिकच नाजूक होतात. कांच कोरड्या पदरानें किंवा सदऱ्याच्या टोंकानें पुसूं नये, धुळीचे कण ओरखडे पाडतात. आधीं पाण्यानें धुवावी, मग मऊ कापडानें टिपावी. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारींत गॉगल ठेवल्यास चौकट वांकते आणि लेप खराब होतो. आणि गॉगल आहे म्हणून छत्री-टोपी सोडूं नये. दोन्ही मिळून रक्षण पुरें होतें.

आतां पुन्हां पत्राकडे. भगिनींनीं प्रथम आपला गॉगल दुकानांत नेऊन तपासून घ्यावा. कसोटीस उतरला नाहीं तर दुसरा घ्यावा. चांगला गॉगल वापरूनही डोळ्यांची लाली आणि चुरचुर पंधरा दिवसांत कमी झाली नाहीं, तर कोरडेपणा किंवा दुसरें कांहीं आहे काय हें नेत्रवैद्यास दाखवावें. आणि कोपऱ्यावर वळण्याची वाट न पाहतां तो ओसरीवरच लावावा. त्याबरोबर एक रीत मात्र पाळावी, म्हणजे पुष्कळशी कुजबुज आपोआप थांबेल. माणूस माणसाशीं बोलतो तें डोळ्यांनीं. वडीलधाऱ्यांशीं, किंबहुना कोणाशींही, थांबून दोन शब्द बोलावयाचे असले, देवळांत पाऊल टाकावयाचें असलें, कीं गॉगल काढून हातांत घ्यावा. आजेसासूबाईंना टोंचलें तें बहुधा सुनेनें गॉगल लावणें नसेल. निरोप घेतांना तिचे डोळे दिसेनासे झाले, तें असेल.

वडील मंडळींस आमची विनंति अशी : मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली कीं डॉक्टर काळा चष्मा देतात. तो लावून आपण ओसरीवर बसतां, तेव्हां घरांतलें पोर सुद्धां आपणांस सिनेमाचें नांव घेऊन हिणवीत नाहीं. डोळा बिघडल्यावर जी वस्तु औषध ठरते, ती डोळा चांगला असतांना नखरा कशी ठरेल? मामंजी सकाळीं आठाच्या उन्हांत फिरावयास जात असतील, तर सूनबाईंनीं दुकानांत जातांना त्यांचा चष्माही मापासाठीं बरोबर न्यावा आणि त्यावर बसणारा गॉगल घेऊन यावा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओसरीवरून दोघें एकदमच बाहेर पडलीं, तर आजेसासूबाई काय म्हणतात, तें आम्हांस अवश्य कळवावें.